कौलाची वही

बावीस वर्षं भांडलो आम्ही,
मी आणि आग्नेल मास्तर,
माशेलच्या बाजारात, बाबलो शिंप्याच्या दुकानात.
इस्त्रीचे कोळसे फुलेपर्यंत
एकदा तरी देव मरायचा
आणि काजं-बटणं होईतो
पुन्हा उठून बसायचा.

मास्तर सेमिनारीतून पळालेले, लॅटिन बगलेत मारून.
त्यांच्यापाशी एक शिडी होती:
हलणाऱ्याला कुणीतरी हलवतं,
त्याला आणखी कुणी,
आणि सगळ्यात वरच्या पायरीवर
एकजण बसलेला, स्वतः न हलता.
मी म्हणायचो, मास्तर,
असा एक आमच्या खात्यातही होता.
बढती घेऊन गेला.

मी सांख्यिकी खात्यातला.
पणजीला चौतीस वर्षं नारळ मोजले, बांगडे मोजले,
जन्म आणि मृत्यू वेगळ्या कागदांवर.
निवृत्त झाल्यावर देव मोजायला घेतला.

गावच्या देवळात कौल लावतात.
पाषाणाच्या अंगावर ओल्या पाकळ्या,
भटाचं गाऱ्हाणं,
उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.
मी खांबाला टेकून, मांडीवर वही.
दोन वर्षं. दोनशे बारा कौल.
उजवी एकशे सात, डावी एकशे पाच.
वही मास्तरांपुढे आपटली:
रुपया उडवलात तरी हेच येईल.
ते म्हणाले, हा तुमच्या पाकळीचा देव,
माझ्या शिडीचा नव्हे.
चढलात कधी तुमच्या शिडीवर?
मास्तरांनी बराच वेळ चष्मा पुसला.
टेकवायला भिंत मिळाली नाही, म्हणाले.

दोनशे तेरावा कौल केसरचा.
खांडोळ्याहून चालत येते, अबोली विकते.
मुलगा तारवटी. एकोणीस दिवस फोन नाही,
वास्कोचा एजंट म्हणतो, कळवू.
भटाने विचारलं, काय मागणं?
मागत नाही, म्हणाली. विचारते.
आसा?

एवढंच.
बावीस वर्षं हाच शब्द चघळत होतो आम्ही,
देव आसा, देव ना,
आणि या शब्दाला
कुणाची तरी वाट बघता येते
हे लक्षातच आलं नव्हतं.

पाकळ्या पडेनात.
भटाने समईची वात दोनदा सारली.
बाहेर पोदेराचा भोंपू आला, गेला.
हवा दमट, चंदन दाट लागलेलं,
पाणी सुकायला वेळ लागतो:
हे मला तेव्हाही ठाऊक होतं,
आणि ते खरंच आहे, आजही.
पण पेन्सिल धरलेला माझा अख्खा देह
उजवीकडे कलला होता,
तराजूवर हळूच बोट ठेवणाऱ्या
वाण्यासारखा.

वहीत रकाने दोन.
पडलीच नाही, याला जागा नव्हती.
मागची पानं उलटली.
दोनशे बारा ओळी, तारखा, वेळा,
एकदा तर वाऱ्याची दिशासुद्धा,
पण कुणी काय विचारलं होतं
ते एकाही ओळीत नाही.

दुपारी भट म्हणाला, उद्या ये.
केसरने पाटी उचलली.
मी एक वळेसर घेतला, तिने सुटे पैसे
दोनदा मोजून दिले.

दुकानात सगळं सांगितलं.
वाटलं, मास्तर आता झडप घालणार,
बघा, बघा, तुम्हीसुद्धा कललात!
मीही उत्तर तयार ठेवलं होतं:
मी कललो, पाकळी नाही.
त्यांनी विचारलं, पोराचं नाव काय?

मला ठाऊक नव्हतं.

बाबलोने मशीन थांबवलं.
दोऱ्याचं टोक दातात धरून म्हणाला,
शाणू.
मे महिन्यात पॅंट शिवली त्याची.
कंबर अठ्ठावीस.
डावा पाय अर्धा इंच आखूड,
चालताना कळत नाही.

मी वही उघडली आणि लिहिलं.
कुठल्या रकान्यात, ते मास्तरांनी
अजून विचारलेलं नाही.